मांजर पलंगाखाली, वणवा दारात

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या उत्तरेला बॉन्सल नावाचं गाव आहे. तिथल्या ‘सॅन लुईस रे डाउन्स’ या केंद्रात शर्यतीचे घोडे तयार केले जातात. ७ डिसेंबर २०१७ रोजी जवळच पेटलेला लायलॅक वणवा वाऱ्यावर स्वार होऊन केंद्राच्या कुंपणाशी आला. ताडासारखी उंच झाडं पेटली, तबेल्यांची छपरं पेटली. जवळजवळ पाचशे घोडे आत होते. इतक्या घोड्यांना गाड्यांत चढवायला वेळच नव्हता. मोतद्दारांनी आणि प्रशिक्षकांनी ठाणांची दारं सताड उघडली आणि ओरडून, टॉवेल फडकावून घोडे बाहेर हाकलले. बहुतेक घोडे मोकळ्या जागेकडे धावले. काही मात्र वळले आणि जळत्या तबेल्यात परत शिरले. त्या दिवशी ४६ घोडे गेले.

भ्यालेल्या घोड्याच्या दृष्टीनं यात काही चुकलेलं नसतं. रोज जिथे चंदी मिळते, जिथे खरारा होतो, जिथे रात्री निवांत उभं राहता येतं, ती जागा त्याला ठाऊक असते. बाहेर धूर, आरडाओरडा, अनोळखी माणसं. तो ठाणाकडे पळतो. मांजर पलंगाखाली भिंतीला चिकटून बसतं ते याच कारणानं, आणि कुत्रं उंबऱ्यापाशी चारही पाय रोवून उभं राहतं तेही याच कारणानं. वणव्याच्या प्रदेशात राहणाऱ्या आणि घरात जनावर असलेल्या कुटुंबानं ही गोष्ट सगळ्यात आधी ध्यानात घ्यायला हवी. आग लागली की आपला मोती आपल्या मागे येईल, या भरवशावर राहता येत नाही. मोती त्याच्या जागेकडे जाणार. म्हणून ती जागाच उचलून नेता येईल अशी करून ठेवायची, आणि तीही आकाशात धुराची रेघ नसताना.

आपल्याकडे वणवा म्हटलं की फेब्रुवारी-मार्चमधले सह्याद्रीचे वाळलेले उतार आठवतात, कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांना लागलेली आग आठवते. कॅलिफोर्नियातला वणवा अख्खी वस्ती गिळतो. उन्हाळा संपता संपता डोंगर सुकून कोळ झालेले असतात. मग वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडे, जोरकस वारे सुटतात. दक्षिणेत त्यांना सांता आना म्हणतात, उत्तरेत दियाब्लो. या वाऱ्यात जळक्या काटक्या आणि साली उडत पुढे जातात आणि आगीच्या मुख्य रेषेच्या कितीतरी पुढे नवी आग लावतात. नोकरीच्या निमित्तानं बे एरियात, सॅक्रामेंटोत, लॉस एंजेलिसच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ हे शब्द आता पुण्या-मुंबईच्या माणसाला ‘ऑरेंज अलर्ट’ असावा तसे ओळखीचे झाले आहेत. त्या घरांतूनही कुत्री-मांजरं आहेतच.

८ नोव्हेंबर २०१८ ची सकाळ. उत्तर कॅलिफोर्नियातल्या पुल्गा या वस्तीजवळ, जुनाट वीजमनोऱ्यावरचा झिजलेला आकडा तुटला, तार लोंबकळली आणि साडेसहाच्या सुमारास आग लागली. डोंगराच्या सोंडेवर वसलेलं पॅराडाइज हे सव्वीस-सत्तावीस हजार वस्तीचं गाव काही तासांत जळून गेलं. कॅम्प फायर नावानं ओळखल्या जाणाऱ्या या वणव्यात ८५ माणसं गेली, अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. गावातून खाली उतरणारा मुख्य रस्ता, स्कायवे, गाड्यांनी गच्च भरला. किती तरी माणसं गाड्या सोडून चालत सुटली.

वेळ सकाळची होती हे लक्षात घ्यायला हवं. कुणी कामावर गेलेलं, कुणी खालच्या चिको शहरात दवाखान्यात, कुणी खरेदीला. पोलिसांनी वर जाणारे रस्ते बंद केले आणि या माणसांना घरी परतताच आलं नाही. घरात कुत्रा होता, मांजर होतं, मागच्या अंगणात कोंबड्या होत्या. आपण घरात आहोत, बातमी ऐकली, सगळ्यांना गोळा केलं आणि निघालो, असं चित्र माणूस मनात रंगवतो. प्रत्यक्षात वणवा माणूस घरी नसतानाही येतो.

म्हणून तयारीतलं पहिलं काम शेजाऱ्याकडे आहे. दिवसा घरी असणारा, जनावराला ओळखणारा आणि जनावर ज्याला ओळखतं असा एक माणूस ठरवायचा आणि किल्ली त्याच्याकडे द्यायची. मांजर कुठे लपतं, पेटी कुठे आहे, औषध कोणतं, हे त्याला दाखवून ठेवायचं. नुसतं सांगून भागत नाही. फ्रिजच्या दारावर एक कागद लावलेला बरा: ‘सोनी वरच्या खोलीत, पलंगाखाली, खिडकीकडच्या कोपऱ्यात. जाड टॉवेल कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाठीवर हात ठेवला की ओरखडत नाही.’ धूर भरलेल्या घरात दुसऱ्याच्या मांजराला शोधणाऱ्या माणसाला या तीन-चार ओळींचा जो उपयोग होतो, तो कोणत्याही महागड्या साहित्याचा होत नाही. पुढे सगळ्यांनी कुठे भेटायचं आणि जनावर कुणाच्या घरी न्यायचं हेही त्याच वेळी ठरवावं.

जनावरापायी माणसंच मागे राहतात, हे अमेरिकेला कळलं ते वणव्यातून नव्हे, पुरातून. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हा सुटकेच्या बसमध्ये, होडीत, हेलिकॉप्टरमध्ये जनावरांना जागा नव्हती. सुपरडोम स्टेडियमबाहेर बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसांनी त्याचा पांढरा कुत्रा काढून घेतला. ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ म्हणून रडता रडता त्या मुलाला उलटी झाली. ही बातमी देशभर गेली. घर न सोडलेल्या माणसांची नंतर पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या ४४ टक्क्यांनी पाळीव प्राण्यांना सोडून जायचं नव्हतं हे एक कारण सांगितलं. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसनं ‘पेट्स’ कायदा केला. आपत्तीच्या योजनेत घरातल्या पाळीव प्राण्यांचा आणि अपंगांना साथ देणाऱ्या प्राण्यांचा विचार करणं त्यामुळे राज्यांना आणि स्थानिक प्रशासनांना भाग पडलं.

कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या गावांत होड्या दाराशी आल्या तरी माणसं माडीवरून उतरायला तयार नव्हती, कारण खाली म्हशी होत्या. दावं कापून जनावर मोकळं सोडायचं की त्याच्याबरोबर थांबायचं, हा प्रश्न तिथे घराघरात पडला होता. त्याला हट्टीपणा म्हणणं सोपं आहे. पण जनावराची सोय असलेली होडी आली असती तर तीच माणसं आधी उतरली असती, आणि हे जितकं पंचगंगेकाठी खरं आहे तितकंच पॅराडाइजच्या डोंगरावरही.

कॅलिफोर्नियात आता ही सोय बरीच आहे. वणवा पेटला की जिल्ह्याची मोठी जत्रामैदानं घोडे, शेळ्या, लामांसाठी उघडतात. माणसांच्या निवाऱ्याशेजारी कुत्र्या-मांजरांचा निवारा उभा राहतो. पॅराडाइजच्या वेळी ब्यूट काउंटीतल्या ‘नॉर्थ व्हॅली ॲनिमल डिझास्टर ग्रुप’च्या स्वयंसेवकांनी बंद पडलेल्या भागात शिरून मागे राहिलेल्या जनावरांना चारा-पाणी दिलं आणि निवारे चालवले. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळचं अल्टाडीना जळलं तेव्हा ‘पॅसाडेना ह्युमेन’ या संस्थेनं शेकडो जनावरं आत घेतली आणि बरबँकच्या घोडेस्वारी केंद्रात रातोरात घोडे आणि गाढवं येऊन उभी राहिली. मात्र या सगळ्या सोयी दाराबाहेर आहेत. पलंगाखालच्या मांजराला तिथपर्यंत घरातल्यांनीच आणायचं असतं.

वेळेचा हिशेबही घरातल्यांनीच करायचा असतो. तिथल्या सरकारी सूचनेच्या दोन पायऱ्या असतात. ‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ म्हणजे धोका येऊ घातला आहे, तयार राहा. ‘इव्हॅक्युएशन ऑर्डर’ म्हणजे आत्ता निघा, कायद्यानं हा भाग बंद झाला. बहुतेक माणसं पहिल्या सूचनेला बॅग भरतात आणि दुसरीची वाट पाहतात. पण पहिल्या सूचनेतच लिहिलेलं असतं की ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांनी आणि ज्यांच्याकडे पाळीव प्राणी किंवा गुरं आहेत त्यांनी लगेच निघावं. हे वाक्य डोळ्यांखालून जातं आणि विसरलं जातं. दोन मांजरं असलेल्या घरासाठी पहिली सूचना हीच शेवटची मानायला हवी.

आता मांजराकडे जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. बहुतेक घरांत मांजराची पेटी माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये धूळ खात असते आणि वर्षातून एकदा, डॉक्टरकडे नेताना, खाली येते. मांजराच्या डोक्यात हिशेब पक्का बसतो: पेटी दिसली की सुई. मग ती पेटी दिसण्याआधी, नुसत्या दाराच्या करकरीनंच, ते गायब होतं. वणव्याच्या दिवशी घरातल्यांचे आवाज चढलेले, कपाटं उघडलेली, हवेत जळका वास. अशा वेळी चार किलोचं मांजर पलंगाच्या मधोमध, कुठल्याही बाजूनं हात पुरणार नाही अशा जागी बसतं.

यावरचा उपाय महिनाभर आधी सुरू होतो. पेटी खाली आणायची, दार काढून टाकायचं आणि दिवाणखान्यात, मांजर एरवी जिथे ऊन खात बसतं तिथे ठेवून द्यायची. आत त्याचंच जुनं, न धुतलेलं पांघरूण. पहिले काही दिवस ते लांबून वळसा घालून जाईल. मग खाण्याची वाटी पेटीच्या तोंडाशी, दोन दिवसांनी उंबऱ्याच्या आत, आणखी काही दिवसांनी अगदी मागे. एका दुपारी ते आत झोपलेलं दिसेल. त्यानंतर दार बसवायचं, पण उघडंच ठेवायचं. मग क्षणभर लावायचं, उघडायचं, खाऊ द्यायचा. मग पेटी उचलून खोलीभर फिरवायची, मग गाडीत ठेवून गल्लीला एक फेरी. घाई केली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ज्या घरात हे झालं आहे, तिथे संकटाच्या वेळी मांजर आपण होऊन पेटीत जाऊन बसल्याचंही अनुभवाला येतं, कारण आता लपायची जागा तीच झालेली असते.

आणि तरीही, वॉर्निंग आल्याबरोबर पहिलं काम कागदपत्रांचं नाही, मांजराचं. ज्या खोलीत लपायला जागा नाही अशा खोलीत, बहुधा न्हाणीघरात, त्याला पेटीसह बंद करायचं आणि मग बाकीची धावपळ. पेटीवर चादर टाकली की आत अंधार होतो आणि आरडाओरडा कमी होतो. पेटी नसेल तर उशीचा अभ्राही चालतो: मांजर आत, तोंडाला गाठ. दिसायला निर्दय वाटेल, पण कापडातून हवा जाते आणि पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास निभावतो. दर मांजरामागे एक पेटी हवी. एरवी एकमेकांना चाटणारी दोन मांजरं घाबरली की एकमेकांवरच तुटून पडतात.

कुत्र्याचं तुलनेनं सोपं. त्याला गाडी आवडत असली म्हणजे निम्मं काम झालं. पण भ्यालेला कुत्रा मान मागे खेचून पट्ट्यातून निसटतो, म्हणून छातीला बसणारा पट्टा हवा आणि दोरी दाराशी एका ठरलेल्या खुंटीला हवी. कुत्रा माणसाळलेला असला तरी तोंडाला बांधायची जाळी बरोबर असावी. भाजलेलं, दुखावलेलं जनावर धन्यालाही चावतं. ७ जानेवारी २०२५ रोजी, लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये वणवा शिरला तेव्हा रस्ते तुंबले, माणसं गाड्या तिथेच टाकून पायी निघाली आणि मागाहून बुलडोझरनं त्या गाड्या बाजूला ढकलून अग्निशमन दलाला वाट करून दिली. हातात दोरी, पाठीवर मांजराची पिशवी, अशी माणसं त्या दिवशी उतारावरून चालत होती. म्हणून प्रत्येक पेटी हातानं उचलून निदान अर्धा मैल नेता येईल का, हे आधी करून पाहावं. घरातल्या आजींना ती झेपते का, हेही पाहावं.

जनावराची वेगळी पिशवी भरून ठेवायची असते. त्यात आठवडाभराचा कोरडा खाऊ आणि पाणी, न सांडणारी वाटी, दोन आठवड्यांची औषधं, मांजरासाठी थोडी माती आणि उथळ ट्रे. लसीकरणाचे कागद प्लास्टिकच्या पाकिटात, कारण निवाऱ्यात रेबीजचा दाखला विचारतात. आणि एक छायाचित्र, धनी आणि जनावर दोघंही दिसतील असं. निवाऱ्यात एकसारखी वीस काळी मांजरं असतात. त्यातलं आपलं कोणतं आणि ते आपलंच कशावरून, हे त्या एका छायाचित्रानं मिटतं. खाऊ आणि औषधं जुनी होतात. अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात, त्या दिवशी धुराच्या गजराच्या बॅटऱ्या बदलायची तिथे पद्धत आहे. पिशवीही त्याच दिवशी उपसली तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

सगळं करूनही जनावर सुटलं तर काय, याचं उत्तर तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत असतं. मायक्रोचिप खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, कातडीखाली, जाड सुईनं सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. ती जनावर कुठे आहे ते सांगत नाही. निवाऱ्यातला माणूस हातातलं यंत्र जनावराच्या मानेवरून, पाठीवरून, खांद्यांवरून हळूहळू फिरवतो. यंत्राच्या लहरींनी चिप क्षणभर जागी होते आणि पडद्यावर एक आकडा उमटतो, आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या चिपचा १५ अंकी. बस, एवढंच. तो आकडा कुणाच्या नावावर आहे, त्याचा फोन काय, हे नोंदणीच्या यादीत पाहावं लागतं. यादीत नाव नसेल तर आकडा मुका.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अमेरिकेतल्या ५३ निवाऱ्यांत आलेल्या भटक्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के कुत्री घरी परत गेली. चिप असलेल्यांपैकी मात्र ५२ टक्के. मांजरांत हा फरक थक्क करणारा होता: सरसकट पाहिलं तर दोन टक्केही नाहीत, चिप असलेल्यांत ३८ टक्क्यांहून अधिक. चिप असूनही धनी सापडला नाही त्याचं मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. इथे परदेशस्थ मराठी घरांनी थबकावं. भारतातून कुत्रा अमेरिकेत नेताना चिप बसवावीच लागते, २०२४ च्या ऑगस्टपासून तिथल्या नियमानं ती सर्वच देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना सक्तीची झाली आहे. पण पुण्याच्या डॉक्टरांनी बसवलेल्या त्या चिपवर नोंद कुणाची आहे? पुण्याचा जुना मोबाइल नंबर, की कसलीच नोंद नाही? सॅन होजेच्या निवाऱ्यातल्या माणसाला तिथला, आत्ता वाजणारा फोन हवा असतो. चिपबरोबरच गळ्यात साधी पत्र्याची चकती असावी. ती वाचायला यंत्र लागत नाही.

पक्ष्यांबद्दल थोडं, कारण त्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी असतो. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं सतत वाहत राहते. उडायला लागणारा प्राणवायू त्यामुळे भरपूर मिळतो, आणि विषही तितक्याच झपाट्यानं भिनतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची वर्दी द्यायला १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत ते यामुळेच. वणवा मैलोगणती दूर असला तरी धूर खोलीत आला की पोपटाला आधी हलवावं. मोठा पिंजरा गाडीत मावत नाही, म्हणून लहान प्रवासी पिंजरा आणि त्यात बसायची सवय हवी.

घोडा, गाय, शेळी असलेल्या घरांचं गणित वेगळंच. घोडे वाहून नेणाऱ्या गाड्या कमी आणि घोडे जास्त. शिवाय गाडीत कधी न चढलेला घोडा धुरात पहिल्यांदा चढेल ही अपेक्षा फोल असते. त्यामुळे गाडीत चढण्याचा सराव, तोही रात्री, तोही अनोळखी माणसाच्या हातून, करून घेतात. म्होरकी चामड्याची किंवा सुती हवी. नायलॉन उष्णतेनं वितळून कातडीला चिकटतं. खुरावर जाड पेननं किंवा अंगावर गुरांच्या खडूनं फोन नंबर लिहितात. पॅराडाइज जळत होतं त्याच आठवड्यात दक्षिणेला मालिबूत वुल्सी वणवा पेटला होता. तेव्हा झुमाच्या किनाऱ्यावर माणसांनी आपले घोडे आणून उभे केले होते. जीवरक्षकांच्या मनोऱ्याला बांधलेले लामा, मागे धुरानं काळवंडलेलं आभाळ आणि पुढे समुद्र, हे छायाचित्र जगभर गेलं. माणसाला जेव्हा कुठेच जागा उरत नाही तेव्हा तो वाळूकडे येतो, आणि जनावराला बरोबर घेऊन येतो.

नेणं अशक्यच झालं तर? तज्ज्ञ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: बांधून ठेवू नका, कोंडून ठेवू नका. गवत नसलेल्या किंवा चरून साफ झालेल्या कुरणात, भरपूर पाणी ठेवून मोकळं सोडा. आणि तबेल्याचं दार बाहेरून लावा, म्हणजे जनावर परत आत पळणार नाही. बॉन्सलची ती दुपार या एका सूचनेत उतरलेली आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सोनोमा काउंटीत टब्स वणवा आला तेव्हा एका कुटुंबाला ओडिन नावाचा आपला मोठा पांढरा राखणदार कुत्रा मागे सोडावा लागला. रात्रीची वेळ, आग अंगावर आलेली आणि ओडिन आपल्या आठ शेळ्यांना सोडून गाडीत यायला तयार नव्हता. राखणदार कुत्र्याच्या रक्तातच ते असतं, त्याला शेळ्यांपासून तोडणं सोपं नसतं. काही दिवसांनी कुटुंब परत आलं तेव्हा घर राख झालं होतं. ओडिनची लव जळली होती, पंजे भाजले होते, तो लंगडत होता. आठही शेळ्या त्याच्याजवळ होत्या, आणि हरणाची काही पाडसंही आश्रयाला आली होती. त्याच वणव्यात सांता रोझाजवळच्या ‘सफारी वेस्ट’ या प्राणी उद्यानाचे सत्तरी ओलांडलेले मालक पीटर लँग यांनी रात्रभर बागेच्या नळीनं पाणी मारून हजारभर प्राणी वाचवले. त्यांचं स्वतःचं घर त्या रात्री जळालं. या हकिगती वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यांना नियम मानू नये. ओडिनसारखे वाचतात त्याहून कितीतरी जास्त वाचत नाहीत.

आगीतून निघालेलं जनावर धडधाकट दिसतं म्हणून निश्चिंत राहू नये. धुराचा परिणाम दिसायला एक-दोन दिवसही लागतात. चपट्या नाकाचा पग आधी बेजार होतो. मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागलं तर तासाचाही उशीर नको. घोड्याच्या फुप्फुसांना सावरायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर त्याच्याकडून काम घेऊ नये, असं डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पशुवैद्यक सांगतात. टब्स आणि कॅम्प वणव्यांत भाजलेल्या मांजरांना याच विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासलं तेव्हा निम्म्याहून अधिक मांजरांच्या हृदयावर परिणाम झालेला आढळला. कुणाच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला, कुणाच्या रक्तात गुठळी होण्याची भीती. बाहेरून फक्त पंजे भाजलेले दिसत होते. भाजलेल्या पंज्यावर घरगुती मलम लावण्यापेक्षा गार, बर्फ नसलेलं पाणी आणि मग डॉक्टर, हा क्रम बरा.

डेव्हिसच्याच डॉक्टरांनी एक वेगळा प्रयोगही केला. २०१७ च्या थॉमस वणव्यात दोन अस्वलं आणि प्यूमाचं एक पिल्लू पंजे भाजून आली. पट्टी बांधावी तर ती चावून खातील आणि आतडी अडकतील. डॉ. जेमी पेटन यांनी त्यांच्या पंज्यांवर निर्जंतुक केलेली टिलापिया माशाची कातडी शिवली, म्हणजे आपल्या उजनीच्या पाण्यात जाळ्याला लागणारी तीच चिलापी. तिच्यातलं कोलॅजन जखमेला ओल देतं, वेदना कमी होते, आणि खाल्ली तरी पोटाला अपाय नाही. पुढच्या वर्षी कॅम्प फायरमध्ये भाजलेल्या कुत्र्यावरही हाच इलाज झाला.

परत जायची परवानगी मिळाली तरी जनावराला लगेच जमिनीवर सोडत नाहीत. वरून गार दिसणाऱ्या राखेखाली झाडांची मुळं दिवसेंदिवस धुमसत असतात आणि पाय पडला की खड्डा. जळालेल्या घरांची राखही विषारी असते, ती पंज्यांवरून चाटली जाते. शिवाय जनावराच्या दृष्टीनं ती जागा ओळखीची उरलेली नसते. दिसण्यापेक्षा वासानं ते घर ओळखतं, आणि वास तर सगळे जळून गेलेले असतात. म्हणून पहिले काही दिवस कुत्रं दोरीला, मांजर एका खोलीत.

सुटलेल्या जनावराचा शोध लगेच सोडू नये, हे पॅराडाइजनं शिकवलं. तिथे मांजरं पकडायचे सापळे आणि रात्रीचे कॅमेरे लावून स्वयंसेवक कित्येक महिने फिरत होते, आणि मांजरं बहुधा आपल्याच जळक्या घराच्या आसपास सापडत होती. मॅडिसन नावाच्या राखणदार कुत्र्याची मालकीण आग लागली तेव्हा घरी नव्हती आणि तिला परत जाता आलं नाही. एका स्वयंसेविकेला तो अधूनमधून दिसायचा, पण हाती लागत नव्हता. ती त्याच्यासाठी खाणं-पाणी ठेवत राहिली, आणि मालकिणीचा वास असलेला एक कपडाही तिथे ठेवून आली. महिन्याभरानं रस्ता खुला झाला. मालकीण आली तेव्हा मॅडिसन घर होतं त्या जागी होता.

पॅलिसेड्सच्या वणव्यात एका वयस्कर बाईंचं घर जळालं, तेव्हा त्यांची ॲगी, मेन कून जातीची लांब केसांची मांजरी, आतच राहिली होती. घरच्यांनी ती गेली असंच धरलं. सुमारे दोन महिन्यांनी शहराच्या पश्चिम भागातल्या प्राणी निवाऱ्यातून फोन आला. ॲगी हडकली होती, केस गुंतून गोळे झाले होते. बाईंनी तिला कुशीत घेतलं.